लक्ष्मीबाई टिळक : श्रद्धा आणि घर

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे नाव तुमच्या परिचयाचे आहे. या घटकात त्यांच्या चरित्राकडे आपण एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने पाहू. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन बहुधा वादाच्या मार्गाने झाले. बाबा पदमनजींनी त्यासाठी ग्रंथरचना केली; नीळकंठशास्त्री गोरे यांनी षड्दर्शनांचे खंडन मांडले. लक्ष्मीबाईंजवळ शास्त्राध्ययन नव्हते, शाळाही नव्हती. श्रद्धेचा प्रश्न त्यांच्यापुढे आला तो पदरात मूल असताना.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे, गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावानंतर जवळच्या आप्ताला फाशी झाल्याच्या धक्क्याने वडिलांच्या मनात सोवळ्याचे विलक्षण वेड शिरले होते. बाजारातून आलेले जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुऊन घरात यायचे. हा तपशील तुम्ही लक्षात ठेवा; पुढे लक्ष्मीबाईंनी किती मोठे अंतर तोडले, ते त्यावरूनच मोजता येते.

अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांचे संस्कृत अध्ययन नाशिकलाच, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे झालेले. वृत्ती कवीची, पायाला भिंगरी, आणि संसाराचा हिशेब कधीच न जुळणारा. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही बातमी लक्ष्मीबाईंवर वज्राघातासारखी कोसळली. आधीची अपत्ये हाती लागली नव्हती. दत्तू तेवढा उरला होता. त्या काळच्या कायद्याने मुलावर पहिला हक्क बापाचा. नातलगांच्या दृष्टीने मात्र बाप बाटलेला, आणि मूल त्याच्या हाती लागणे म्हणजे कुळाचा नाश.

येथे भाषेचा अभ्यासक म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. एकाच घटनेला एका बाजूला ‘बाटणे’ हा शब्द होता, दुसऱ्या बाजूला ‘तारण’ हा. दोन्हींमध्ये निवाडा आधीच होऊन बसलेला. मुलाला वडिलांविषयी काही सांगायचे, तर आईने यांपैकी कोणता शब्द उच्चारावा? लक्ष्मीबाईंनी पतीचा धर्म नाकारला, पण पतीविषयीची माया टाकली नाही. आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरासारख्या ठिकाणी काढलेली ती वर्षे मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वाटतात; बाप्तिस्म्याचा प्रसंग त्यामानाने सोपा.

काही वर्षांनी त्या नगरला टिळकांजवळ आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. टिळकांनीही ते सक्तीने सोडविले नाही. पुढे त्या स्वतःच विचार करू लागल्या : माणसामाणसांतला हा भेद ईश्वराने केला की माणसाने? उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. जातिभेद आधी गेला आणि ख्रिस्ती श्रद्धा त्यानंतर आली, हा क्रम अनेक वाचकांच्या नजरेतून निसटतो. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना कोणी वादात जिंकलेले नव्हते.

पुढचा संसार तुम्ही मूळ पुस्तकातच वाचावा. टिळक अनाथ मुलांना घरी आणीत आणि त्यांच्या पोटाची काळजी लक्ष्मीबाई वाहत. बालकवी ठोंबरे यांनाही या घराने लेकरासारखी माया दिली. औदार्य पतीचे आणि ओढाताण पत्नीची, हे त्यांनी लपविले नाही. हसत हसत लिहून टाकले. ख्रिस्ती माणसे म्हणून टिळक दांपत्याला त्यांनी आदर्शाच्या चौथऱ्यावर बसविले नाही, म्हणूनच त्यांची श्रद्धा परक्या वाचकालाही खरी वाटते. त्यापूर्वीच्या ख्रिस्ती मराठीला भाषांतराचा वास येई. लक्ष्मीबाईंची वाक्ये मात्र माजघरातून थेट कागदावर उतरलेली आहेत.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. एकेकाळी पतीच्या हातात नवा करार पाहून हादरलेल्या या स्त्रीने आता ख्रिस्तचरित्राच्या ओव्या रचावयास घेतल्या आणि ग्रंथाचा फार मोठा भाग पूर्ण केला. ‘स्मृतिचित्रे’चे लेखनही याच उत्तरायुष्यातले, ते १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचा देह पडला, तेव्हा आत्मचरित्राचा चौथा भाग आणि ‘ख्रिस्तायना’चा अखेरचा अध्याय ही दोन्ही कामे राहिली होती. ती दोन्ही देवदत्त नारायण टिळकांनी, म्हणजे त्याच दत्तूने, पुरी केली.