वाटेगावचा तुकाराम

दरवर्षी १ ऑगस्टला आमच्या वस्तीच्या तोंडाशी मंडप पडतो. फोटोला हार घालतात, कर्ण्यावर पोवाडे लागतात, संध्याकाळी मिरवणूक निघते आणि रात्री उशिरा सारे शांत होते. लहानपणापासून मी त्या फोटोला नमस्कार करीत आले. पण हार घातलेला हा माणूस पुस्तकेही लिहीत होता, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. सांगायला लाज वाटते खरी, पण लपवून काय उपयोग? आमच्या घरात क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तकच नव्हते.

वाचकहो, आमचे घर उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात. वडील जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारतात. आई घरी बसून तयार पँटींचे धागे कापते, मीही कापते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि त्यात मला लिहिण्याचा नाद! वहीच्या मागच्या पानांवर मी चंद्र, नदी आणि प्राजक्तावर कविता करीत असे. प्राजक्ताचे झाड मी तोवर पाहिलेही नव्हते. आमची नदी म्हणजे वालधुनी, आणि तिच्या पाण्याचा रंग आज कोणता असेल हे सांगता येत नाही. लेखक व्हायचे तर निवांत खोली लागते, पुस्तकांचे कपाट लागते, निदान घरात कोणी वाचणारे लागते, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या वर्षी ग्रंथालयातून 'फकिरा' घरी नेली आणि ती समजूत डळमळली. मग मी या माणसाच्या आयुष्याचा पिच्छाच पुरवला.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचे खरे नाव. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा. आईचे नाव वालुबाई. जात मांग. इंग्रजांनी या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारलेला, त्यामुळे चोरी कोठेही होवो, हजेरी यांनी द्यायची. शाळेत गेले ते दीड दिवस. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा मार बसला आणि शाळा कायमची सुटली. ज्या फकिरावर पुढे कादंबरी झाली तो यांच्याच नात्यातला बंडखोर. तुकारामाच्या जन्माच्या वेळी त्याने इंग्रजांच्या लुटलेल्या खजिन्यातले ओंजळभर रुपये बाळंतिणीसाठी दिले, असे सांगतात. गोष्टींचा साठा असा पाळण्यापासून जमत होता, फक्त तो लिहिण्याची सोय नव्हती.

१९३१ च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी मुंबईला निघाले, तेही पायी! भाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करायचे आणि पुढे चालायचे. मुंबईत भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत आसरा मिळाला. मुलाने हमाली केली, फेरीवाल्यांची गाठोडी वाहिली, पुढे गिरणीत काम केले. हिंडता हिंडता दुकानांच्या पाट्या आणि सिनेमांची पोस्टरे पाहून, माहीतगारांना विचारून तो अक्षरे लावू लागला. परीक्षा नाही, पास-नापास नाही. (आमच्या मराठीच्या सरांनी हे वाक्य वाचून गैरसमज करून घेऊ नये!)

पण नुसती अक्षरे आली म्हणून कोणी लेखक होत नाही. तुकारामाचा अण्णा भाऊ झाला तो माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, आणि माझ्या मते त्यांच्या चरित्रातले सर्वांत महत्त्वाचे पान हेच आहे. कॅम्प हा शब्द वाचताच मी थबकले. उल्हासनगर हीदेखील मुळात लष्कराची छावणीच. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना येथे बराकींतून ठेवले आणि १९४९ साली गावाला आजचे नाव मिळाले. अजूनही आम्ही पत्ता सांगतो तो कॅम्प नंबरानेच. माटुंग्याचा लेबर कॅम्प सफाई कामगारांचा आणि कष्टकऱ्यांचा. तेथे कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते येत. महाडच्या सत्याग्रहात पुढे असलेले आर. बी. मोरे हे त्यांपैकीच. सभा होत, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, रात्री गाणी होत. डासांनी वस्ती हैराण झाली तेव्हा अण्णांनी डासांवरच पोवाडा रचला, असे सांगतात. मित्रहो, विचार करा. विषय डासांचा, आणि श्रोते त्याच डासांनी फोडून काढलेले! असा श्रोता मिळाल्यावर कवीला प्रेरणेची वाट पाहत बसण्याचे कारणच काय? याच वस्तीने पुढे मराठीला बाबुराव बागुलांसारखा कथाकार दिला. हा केवळ योगायोग आहे, असे मला वाटत नाही.

१९४३ साली त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा गाजला. वाटेगावच्या तमाशाचा बाज त्यांच्या अंगात होताच. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्या जोडीने लाल बावटा कलापथक उभे राहिले. अमर शेखांचा पहाडी आवाज आणि अण्णांची लेखणी अशी ही जोड होती. गिरणगावात, खेड्यापाड्यांत, शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत ते गात सुटले. तमाशातल्या गणात गणपतीऐवजी अण्णांनी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले, गवळण गाळली, आणि लोकनाट्याला नवे रूप दिले. काल लिहिलेले आज हजारांसमोर म्हटले जाई. ओळ पडली तर तिथल्या तिथे कळे. आम्ही वही महिनामहिना दडवून ठेवतो, म्हणून आमच्या ओळी पडल्या की उभ्या राहिल्या हे आम्हांला कळतच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची 'माझी मैना' ही छक्कड तर घरोघर पोचली.

पुढे मात्र माझा हिशेब अडतो. 'फकिरा' १९५९ साली निघाली. तोवर कलापथकाचे पहिले दिवस मागे पडले होते. अण्णा घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होते आणि कादंबऱ्या, कथा एकामागून एक लिहीत होते. कादंबऱ्याच तीसहून अधिक भरतात. म्हणजे सोबती नसतानाही ते लिहीतच राहिले. मग मी कशाच्या जोरावर म्हणते की लेखकाला माणसे हवीत? यावर मी पुष्कळ विचार केला. 'फकिरा' वाचताना वाटते की, त्या झोपडीत अण्णा एकटे नसावेत; सारे वाटेगाव तेथे येऊन बसले असावे. पण हे माझे समाधान झाले, पुरावा नव्हे.

बाकी मान मिळाला तोही मोठाच. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांनी केले. १९६१ साली 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. त्याच मॉस्कोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला. पण परदेशाहून परतून पुन्हा झोपडीतच! शेवटची वर्षे दारिद्र्यात, दारूत आणि एकाकीपणात गेली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावला त्यांचे निधन झाले. वय पुरते एकोणपन्नासही नव्हते. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले. ही तारीख वाचून मी पुस्तक मिटले. जयंतीच्या मंडपात ही शेवटची वर्षे कोणी सांगत नाही. ती सांगायला हवीत, असे मला वाटते.

गेल्या दिवाळीपासून आम्ही चौघे दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ बसतो. एक बदलापूरहून येतो, लोकल चुकली की त्याच्यासाठी थांबावे लागते. एकाचे आजोबा सिंधमधून बराकीत आलेले. तो सिंधीत लिहितो आणि आम्हांला मराठीतून समजावतो. नियम एकच, जे लिहिले ते मोठ्याने वाचायचे. पहिल्या शनिवारी मी प्राजक्ताची कविता वाचली. तिघेही सभ्यपणे गप्प बसले. ती शांतता मी विसरणार नाही.

त्यानंतर मी धागे कापण्यावर दोन पाने लिहिली. शनिवारच्या आधी धीर करून ती आईला वाचून दाखवली. आजवर मी तिला काहीच वाचून दाखवले नव्हते. तिची कात्री थांबली. सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाली की एका पँटीमागे मिळणारा दर मी चुकीचा लिहिला आहे. आणि गठ्ठा परत करताना कमी भरलेल्या नगांचे पैसे कापतात, ते तर लिहिलेच नाही. मी वही पुढे ओढली आणि तिला म्हटले, सांग.