जॉर्ज स्टोक्स आणि क्विनाइनचा निळा प्रकाश

नोट खरी की खोटी हे पाहण्यासाठी ती जांभळ्या दिव्याखाली धरली की तिच्यातला सुरक्षा धागा चमकू लागतो. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकण्याच्या या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. इंग्रजीत रूढ झालेले ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्क्रीन या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. १८३७ मध्ये ते केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले आणि १८४१ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिले आले. १८४९ मध्ये त्यांना ल्युकेशियन प्राध्यापकपद मिळाले. एकेकाळी न्यूटन यांनी भूषवलेले हे पद! मान मोठा असला तरी पगार तुटपुंजा होता. म्हणून ते लंडनच्या खाणविद्येच्या सरकारी शाळेतही शिकवत.

हिवतापावरचे औषध असलेल्या क्विनाइनचे द्रावण पाण्यासारखे नितळ असते, पण उन्हात त्याच्या पृष्ठभागाशी निळी झाक दिसते. जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये याचे वर्णन केले होते, पण कारण उमगले नव्हते. स्टोक्स यांनी अंधाऱ्या खोलीत सूर्यप्रकाशाचा झोत घेतला, लोलकांनी त्याचा वर्णपट पाडला आणि क्विनाइनची नळी त्यातून हळूहळू सरकवली. तांबड्या-पिवळ्या भागात काहीच घडले नाही. जांभळ्या टोकाजवळ मात्र नळी निळी उजळली आणि जिथे डोळ्यांना नुसता अंधार दिसत होता, तिथेही उजळतच राहिली. म्हणजे क्विनाइन अदृश्य प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा, दिसणारा प्रकाश देत होते. हे संशोधन १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्लुओरस्पार या खनिजावरून त्यांनी या गुणधर्माला नाव दिले. तरंगलांबीतल्या या फरकाला आज ‘स्टोक्स शिफ्ट’ म्हणतात.

१८५७ मध्ये त्यांनी मेरी रॉबिन्सन यांच्याशी विवाह केला. तेव्हाच्या नियमानुसार विवाहित माणसाला कॉलेजचा फेलो राहता येत नसे, त्यामुळे ती फेलोशिप सोडावी लागली. नियम बदलल्यावर १८६९ मध्ये ती परत मिळाली.

१८५४ ते १८८५ अशी ३१ वर्षे ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. इतरांचे शोधनिबंध वाचणे, चुका दाखवणे, पत्रोत्तरे लिहिणे यात त्यांचा बराच वेळ जाई आणि स्वतःचे काम मागे पडे. श्रेयाचा हव्यासही नव्हता. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा अर्थ त्यांनी किरखॉफ यांच्या आधीच सांगितला होता, असे त्यांचे मित्र विल्यम थॉमसन म्हणत. स्टोक्स यांनी ते श्रेय घेण्यास नकार दिला.

१८६४ मध्ये त्यांनी वर्णपटाच्या साहाय्याने दाखवले, की रक्तातील रंगद्रव्याची ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनविना अशी दोन रूपे असतात. पदार्थ ओळखण्यासाठी प्रकाशाचा वापर करता येईल, हेही त्यांनी त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडले.

आज तेच घडते आहे. २००४ मध्ये कार्बन नलिका शुद्ध करताना चमकणारे कार्बन कण अचानक सापडले. त्यांना ‘कार्बन डॉट’ म्हणतात. त्यांचा आकार साधारण १० नॅनोमीटरपेक्षा कमी असतो. ब-१२ जीवनसत्त्व अतिनील प्रकाशाचा काही भाग स्वतःच शोषते. त्यामुळे ते मिसळले की निळ्या कार्बन डॉटची चमक मंदावते आणि ती किती मंदावली यावरून ब-१२चे प्रमाण काढता येते. पेशींचे चित्र घेतानाही टाकलेला आणि बाहेर पडलेला प्रकाश वेगळ्या रंगांचे असल्याने गाळणीने पहिला अडवून फक्त चमक टिपता येते.

स्टोक्स १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथे वारले. तोवर ५३ वर्षांहून अधिक काळ ते त्याच प्राध्यापकपदावर होते. नवा कार्बन डॉट शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत देतो, हे ठरवताना संशोधक आजही अनेकदा त्याची तुलना क्विनाइन सल्फेटच्या निळ्या प्रकाशाशी करतात.