परक्या शहरातली आपली माणसं

नवं शहर, हॉस्टेलची पहिली रात्र, ओळखीचं कुणीच नाही. हे फीलिंग माहितीये ना? क्वामे एन्क्रुमाने ते दहा वर्षं अनुभवलं.

१९३५ मध्ये तो गोल्ड कोस्टहून, म्हणजे आजच्या घानातून, अमेरिकेतल्या लिंकन विद्यापीठात शिकायला गेला. खिसा कायम रिकामा. सुट्टीत हार्लेमच्या रस्त्यावर मासे विकले, जहाजावर भांडी घासली. झोपायला जागा नसली की भुयारी रेल्वेत रात्र काढायची.

माणसं मिळाली ती कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये. तिथे तो प्रवचनं द्यायचा. पुढे आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या संघटनेचा तो अध्यक्ष झाला. पण तिथेही नायजेरियावाले आणि गोल्ड कोस्टवाले असे गट पडायचेच. एन्क्रुमाचं म्हणणं एकच, आपापल्या देशापुरतं पाहू नका, अख्खी आफ्रिका आपली.

१९४५ मध्ये तो लंडनला उतरला, तेव्हा स्टेशनवर न्यायला आला त्रिनिदादचा जॉर्ज पॅडमोर. त्याच वर्षी दोघांनी मँचेस्टरच्या पॅन-आफ्रिकन काँग्रेससाठी एकत्र राबून काम केलं.

१९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला, एन्क्रुमा पंतप्रधान होता. त्याने सल्लागार म्हणून कुणाला बोलावलं? स्टेशनवर न्यायला आलेल्या त्याच पॅडमोरला!