डॉ. हॉवर्ड केली आणि ‘टमी टक’ची सुरुवात
पोट सुटले की अनेक जण ‘टमी टक’बद्दल विचारतात. या शस्त्रक्रियेची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड केली (१८५८–१९४३). ते १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजू झाले. १८९९ मध्ये त्यांनी एका अतिस्थूल महिलेच्या पोटावरची लोंबणारी त्वचा व चरबी आडवा छेद घेऊन काढली. काढलेला भाग सुमारे ७.५ किलोचा होता! हेतू केवळ सौंदर्याचा नव्हता, तर तिचे ओझे हलके करण्याचा होता. सैल स्नायू आवळणे, बेंबी जपणे हे पुढच्या शल्यचिकित्सकांनी रुळवले. मात्र आजही हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. आधी वजन आटोक्यात आणून स्थिर ठेवा, धूम्रपान सोडा आणि मगच शल्यचिकित्सकांचा सल्ला घ्या.