विश्लेषण : ‘जावा मानव’ शोधणारे युजीन डुब्वा कोण होते? त्यांनी नेलेले जीवाश्म इंडोनेशियाला परत का मिळणार?

नेदरलँड्सने सप्टेंबर २०२५ मध्ये २८ हजारांहून अधिक जीवाश्म इंडोनेशियाला परत करण्याचा निर्णय जाहीर केला. लायडन शहरातील नॅचरॅलिस या संग्रहालयात ठेवलेल्या या संग्रहात तीन वस्तू जगप्रसिद्ध आहेत: कवटीचा वरचा भाग, एक दाढ आणि मांडीचे एक हाड. पुस्तकांत ‘जावा मानव’ म्हणून जो भेटतो, तो हाच. त्याच्या शोधाचे श्रेय युजीन डुब्वा या डच डॉक्टरला दिले जाते. पण ही हाडे जमिनीतून काढणारे हात सक्तमजुरीच्या कैद्यांचे होते आणि डुब्वा स्वतः बहुतेक वेळ खोदकामाच्या जागी नसत. पुढे अनेक दशके चाललेल्या वादाचे मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे.

प्राध्यापकी सोडून लष्करात का गेले?

डुब्वा यांचा जन्म २८ जानेवारी १८५८ रोजी नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला असलेल्या आइस्डन गावात झाला. वडील औषधविक्रेते. ॲमस्टरडॅम विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण झाले आणि १८८६ मध्ये ते तिथेच शरीररचनाशास्त्राचे अधिव्याख्याते झाले. पुढे प्राध्यापकपद मिळणार हे जवळपास ठरलेले होते.

त्या काळात जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी वानर आणि मानव यांच्यामधल्या एका प्राण्याची कल्पना मांडली होती. एकही हाड हाती नसताना त्याचे नावही ठेवले होते, पिथेकॅन्थ्रोपस म्हणजे वानर-मानव. डुब्वा यांनी तो प्राणी प्रत्यक्ष शोधायचे ठरवले. डार्विनचा कल आफ्रिकेकडे होता. डुब्वा यांनी मात्र आशिया निवडला. गिबन आणि ओरांगउटान आग्नेय आशियात राहतात आणि भारतातल्या शिवालिक टेकड्यांत वानराचे जीवाश्म सापडले होते. शिवाय सुमात्रा आणि जावा ही बेटे डचांच्याच ताब्यात होती, हा व्यवहारी भागही होताच.

सरकारने मोहिमेला पैसे दिले नाहीत. मग डुब्वा यांनी नोकरीचा राजीनामा दिला, वसाहतीच्या लष्करात डॉक्टर म्हणून भरती झाले आणि १८८७ च्या अखेरीस पत्नी व तान्ह्या मुलीसह सुमात्राला पोहोचले. मानवाचे पूर्वज शोधायचे म्हणून ठरवून घराबाहेर पडलेला हा पहिलाच संशोधक मानला जातो.

कैद्यांचे पथक कसे मिळाले?

सुरुवातीला लष्करी रुग्णालयातली ड्युटी सांभाळून ते गुहा धुंडाळत. सापडलेल्या हाडांवर त्यांनी लेख लिहिले, तेव्हा वसाहतीच्या सरकारने १८८९ मध्ये ५० कैदी आणि देखरेखीला दोन माणसे दिली. सुमात्रातले काम फार जमले नाही. जंगल दाट, मजूर तापाने आजारी पडत, काही पळून जात. डुब्वा यांनाही मलेरियाने पुन्हा पुन्हा गाठले.

दरम्यान जावा बेटावर वाजाक इथे संगमरवराच्या शोधात असलेल्या एका खाण अभियंत्याला जुनी मानवी कवटी मिळाली होती. हवा कोरडी, गुहांऐवजी मोकळे नदीकाठ. डुब्वा यांनी १८९० मध्ये जावाला बदली करून घेतली. त्या मातीत हाडे आहेत हे स्थानिकांना आधीपासून माहीत होते. ती राक्षसांची हाडे आहेत असे मानले जाई. रादेन सालेह या प्रसिद्ध जावानी चित्रकाराने १८६० च्या दशकातच तिथे जीवाश्म गोळा केले होते. म्हणजे डुब्वा कोऱ्या नकाशावर गेले नव्हते.

त्रिनिलला नेमके काय घडले?

बेंगावान सोलो नदीच्या वळणावर त्रिनिल हे गाव आहे. पावसाळ्यात पाणी चढते, त्यामुळे खोदकाम फक्त कोरड्या महिन्यांत होई. कैदी काठाचे थर खणत आणि क्रीले व द विंटर हे दोन सार्जंट सापडलेली हाडे बांधून पाठवत. डुब्वा तिथून दूर तुलुंगआगुंगला राहत आणि अधूनमधून भेट देत.

सप्टेंबर १८९१ मध्ये एक दाढ मिळाली. ऑक्टोबरमध्ये कवटीचा वरचा भाग मिळाला. तो लांबट, चपटा आणि भुवयांवर जाड हाड असलेला होता. पाऊस आला, काम थांबले. ऑगस्ट १८९२ मध्ये सुमारे १५ मीटर अंतरावर मांडीचे हाड सापडले आणि ते जवळजवळ आजच्या माणसासारखे होते. मेंदूचे आकारमान डुब्वा यांनी सुमारे ९०० घन सेंटीमीटर काढले. म्हणजे वानरांपेक्षा बरेच जास्त, आजच्या माणसापेक्षा बरेच कमी. ही हाडे एकाच प्राण्याची, असे मानून त्यांनी १८९४ मध्ये नाव जाहीर केले: पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस, दोन पायांवर ताठ चालणारा वानर-मानव.

सगळी इमारत त्या १५ मीटरवर उभी होती. कवटी आणि मांडी एकाच थरातली, एकाच देहाची असतील तरच हा निष्कर्ष टिकतो. पण हाडे बाहेर आली तेव्हा डुब्वा तिथे नव्हते. आजच्या उत्खननात प्रत्येक तुकड्याची जागा आणि खोली मोजून नोंदवतात, तशी तपशीलवार नोंद तिथे झालीच नव्हती. जागेची खूण म्हणून डुब्वा यांनी नदीकाठी एक दगड बसवला. त्यावर बाण आहे आणि शोधाची जागा पूर्व-ईशान्येला १७५ मीटरवर असल्याची नोंद आहे. दगड आजही आहे, पण हाडांमधल्या अंतराचा प्रश्न त्याने सुटत नाही.

जीवाश्म कुलूपबंद का झाले?

युरोपला परतण्यापूर्वी डुब्वा भारतात येऊन शिवालिकचे जीवाश्म पाहून गेले. १८९५ मध्ये लायडनच्या प्राणिशास्त्र परिषदेत त्यांनी आपली हाडे मांडली. जर्मन पंडित रुडॉल्फ फिरखो यांनी कवटी वानराची ठरवली. इंग्लंडमधल्या अनेकांना ती माणसाचीच वाटली. मधला दुवा मानणारेही होते, पण कमी. डुब्वा हाडे घेऊन शहरोशहरी फिरले. पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी आपल्या मुलाला मॉडेल म्हणून उभे करून जावा मानवाचा पूर्णाकृती पुतळाही घडवला.

मग त्यांनी दार लावून घेतले. ते ॲमस्टरडॅममध्ये प्राध्यापक झाले होते. गुस्ताव श्वाल्बे या जर्मन शास्त्रज्ञाने याच जीवाश्मांवर सविस्तर प्रबंध लिहून चर्चा आपल्याकडे खेचली, हेही त्यांना लागले असावे. सुमारे दोन दशके त्यांनी मूळ हाडे संशोधकांना दाखवली नाहीत. घराच्या फरशीखाली पुरली होती, ही मात्र दंतकथा. विज्ञान अकादमी आणि परदेशी शास्त्रज्ञांच्या दबावानंतर १९२३ मध्ये कुलूप उघडले.

यात नुकसान विज्ञानाचे झाले, तसे त्यांचेही. डुब्वा परतल्यावरही क्रीले यांच्या देखरेखीखाली १९०० पर्यंत खोदकाम सुरू होते आणि पेट्या नेदरलँड्सला येत होत्या. त्यातल्या कित्येक नीट तपासल्याच गेल्या नाहीत. १९३० च्या दशकात त्यांची यादी करताना त्रिनिलची आणखी मांडीची हाडे हाती आली, तीही आधीच्या वादात काहीच कामी न येता पडून राहिलेली.

डुब्वा यांनी शेवटी माघार घेतली होती का?

जावा मानव म्हणजे फक्त मोठा गिबन, असे डुब्वा उतारवयात म्हणाल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते अर्धवट आहे. त्याच्या शरीराचे प्रमाण गिबनसारखे असल्याचे ते सांगत होते, पण मानवाच्या वाटेवरचा दुवा तोच, हा दावा त्यांनी सोडला नाही. १९३७ मध्ये राल्फ फॉन क्योनिग्सवाल्ड यांना जावातच सांगिरानला तशीच कवटी मिळाली. त्यांच्या बाजूने जाणारा हा पुरावा होता. डुब्वा यांनी त्यावरच टीका केली आणि ती अखेरपर्यंत सुरू ठेवली. १६ डिसेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९५० मध्ये, अर्न्स्ट मायर यांनी या जीवाश्मांना आपल्याच वंशात घेतले आणि नाव झाले होमो इरेक्टस.

आता जीवाश्म परत का जात आहेत?

संग्रहाचे महत्त्व अजून संपलेले नाही. डुब्वा यांच्या पेट्यांतल्या एका शिंपल्यावर मुद्दाम कोरलेल्या नागमोडी रेषा असल्याचे २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे वय किमान ४ लाख ३० हजार वर्षे. मांडीचे हाड कवटीच्याच काळातले की बरेच नंतरचे, यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

वसाहतकालीन संग्रहांसाठी नेमलेल्या डच समितीने मात्र वेगळा प्रश्न तपासला: ही हाडे मिळाली कशी? स्थानिकांसाठी या जीवाश्मांना श्रद्धेचे आणि आर्थिक मूल्य होते, त्यांच्यावर दबाव टाकून जागा दाखवायला लावल्या गेल्या आणि हाडे बहुधा त्यांच्या इच्छेविरुद्ध नेली गेली, असा समितीचा निष्कर्ष होता. त्या आधारे संपूर्ण डुब्वा संग्रह इंडोनेशियाला देण्याचे ठरले. कवटी, दाढ आणि वादातले ते मांडीचे हाड, तिन्ही त्यात आहेत.