दोन पौंडांची दुरुस्ती

१९०७ सालचा उन्हाळा. लंडन आणि ग्लासगो या दोन शहरांमधल्या रस्त्यावर चंदेरी रंगाची एक मोटार सारखी ये-जा करीत होती. अंतर चारशे मैलांच्या घरात. ते तिने एकदा नाही, दोनदा नाही, तब्बल २७ वेळा कापले. गाडीवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकाची नजर. ती कुठे अडली, का अडली, काय बदलावे लागले, या साऱ्याची नोंद होत होती. सुरुवातीलाच, ६२९ मैलांवर, रस्त्याच्या धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली आणि गाडी थांबली. तोटी उघडून ती पुन्हा निघाली. त्यानंतरचे १४,३७१ मैल यंत्राच्या बिघाडापायी ती एकदाही थांबली नाही.

१५,००० मैल, म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटर पुरे झाल्यावर क्लबच्या जाणकारांनी गाडी नटबोल्टांसकट खोलली. एकेक भाग मोजून पाहिला. गाडी पुन्हा नव्यासारखी करायची तर काय काय बदलावे लागेल, याचा हिशेब मांडला. सुट्या भागांचे बिल झाले दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स! टायरांवरच त्याच्या कितीतरी पट खर्च झाला होता.

त्या काळी मोटार म्हणजे श्रीमंतांनी हौसेने विकत घेतलेले दुखणे होते. वाटेत ती बंद पडणार, हे गृहीत धरूनच लोक घराबाहेर पडत. अशा काळात हे दोन पौंडांचे बिल म्हणजे चमत्कारच वाटला. ती मोटार ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने जगभर गाजली. आणि ती घडवणारा माणूस? त्याचे नाव हेन्री रॉइस. अशी महागडी मोटार बनवणाऱ्या या माणसाचे बालपण मात्र अर्धपोटी गेले होते.

पेपर टाकणारा पोरगा

हेन्रीचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या अल्वाल्टन या खेड्यात झाला. पाच भावंडांत तो धाकटा. वडील पिठाची गिरणी चालवीत. गिरणी डबघाईला आली, बिऱ्हाड लंडनला हलले आणि १८७२ साली वडील एका अनाथालयवजा आश्रयगृहात वारले. हेन्री तेव्हा नऊ वर्षांचा होता. पोटासाठी त्याने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. शाळेत गेला असेल तो जेमतेम वर्षभर.

पुढे एका आत्याने मदतीचा हात दिला. वर्षाला २० पौंड भरून तिने पोराला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लावले. लोखंड कसे घासावे, कशाला किती माप द्यावे, हे हेन्री तिथे शिकला. पण तीन वर्षांनी आत्याचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. हातात प्रमाणपत्र नाही, पाठीशी कुणी नाही. लीड्सच्या एका अवजारांच्या कारखान्यात आठवड्याला ११ शिलिंगांवर तो राबू लागला. तिथून लंडनला, मग लिव्हरपूलला, विजेच्या दिव्यांच्या कामावर. वीज तेव्हा अगदी नवी होती. तिच्यात पदवीवाल्यांना आणि बिनपदवीवाल्यांना सारखेच शिकावे लागत होते. हेन्रीच्या ते पथ्यावर पडले.

१८८४ साली साठवलेले २० पौंड घेऊन तो मँचेस्टरला आला. अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राने ५० पौंड घातले आणि कुक स्ट्रीटवर एक छोटा कारखाना उभा राहिला. आधी विजेच्या घंटा आणि दिव्यांचे होल्डर, मग डायनॅमो, मग विजेवर चालणाऱ्या क्रेन. दोघे मित्र कारखान्याच्या वरच्याच खोलीत राहत, मिळेल ते खात, कामातच झोपत. पुढे दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्ने केली. रॉइसचा माल महाग असे, पण तो टिकतो असा बोलबाला झाला.

जुनी गाडी हाती आली

विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी, स्वस्त क्रेन बाजारात आल्या आणि धंदा बसू लागला. आपलाही माल थोडा हलका करावा, किंमत उतरवावी, असा सल्ला कुणीही दिला असता. रॉइसला ते पटणारे नव्हते. काळजीने आणि अतिश्रमाने १९०२ साली त्याची प्रकृती ढासळली. सक्तीची विश्रांती म्हणून तो दक्षिण आफ्रिकेला पत्नीच्या नातेवाइकांकडे जाऊन आला. बोटीवर वाचायला त्याने सोबत घेतले होते मोटारींवरचे पुस्तक!

परतल्यावर त्याने डेकोव्हिल नावाची एक फ्रेंच मोटार घेतली, तीही जुनी, वापरलेली. ती पहिल्याच दिवशी सुरू होईना, ढकलत आणावी लागली, अशी एक कथा रंगवून सांगितली जाते. खरे तर डेकोव्हिल त्या काळच्या चांगल्या गाड्यांपैकी होती. रॉइसने ती शिकण्यासाठी घेतली होती. त्याने ती पुरती खोलली आणि एकेका भागाला प्रश्न विचारला. हा भाग खडखड का करतो? हा तापतो का? इथले तेल गळते का? मग असल्याच आराखड्यावर, पण प्रत्येक भाग सुधारून, त्याने स्वतःच्या तीन मोटारी बांधल्या. त्यांतली पहिली १ एप्रिल १९०४ रोजी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली.

महिनाभरात, ४ मे १९०४ रोजी, मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्याची एका तरुणाशी गाठ घालून देण्यात आली. चार्ल्स रोल्स हा उमरावाचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारा. एक लॉर्डाचा लेक, दुसरा गिरणीवाल्याचा. पण रॉइसच्या गाडीतून एक फेरफटका मारताच रोल्सचे मन ठरले. त्या गाडीचा आवाजच येत नव्हता. बनवायचे रॉइसने, विकायचे रोल्सने, असे ठरले. १९०६ साली ‘रोल्स-रॉइस’ कंपनीची रीतसर नोंदणी झाली आणि पुढच्याच वर्षी ती १५,००० मैलांची परीक्षा पार पडली. परीक्षेची कल्पना होती व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन याची. वस्तू चांगली असून भागत नाही, ती चांगली आहे हे लोकांना दिसावेही लागते, हे जॉन्सनने ओळखले होते.

टिकण्याचे गणित

या गाडीत असे होते तरी काय? इंजिन सात लिटरचे, सहा सिलिंडरांचे आणि शक्ती अवघी ४८ अश्वशक्तीची. आज आपल्याकडची सव्वा लिटरची घरगुती मोटारदेखील याहून जास्त शक्ती देते. पण रॉइसने इंजिनाला कधी उरी फुटेस्तोवर पळवलेच नाही. मिनिटाला जेमतेम बाराशे फेऱ्यांत ते आपले काम शांतपणे करी. दमदार बैलाला हलकी गाडी जुंपावी, तसा हा प्रकार. क्रँकशाफ्टला सात ठिकाणी बेअरिंगांचा आधार होता आणि प्रत्येक बेअरिंगपर्यंत दाबाने तेल पोचत होते. ठिणगीची सोय दुहेरी होती, एक बंद पडली तर दुसरी हजर. चासीचे सांधे रिव्हेट ठोकून न जोडता, भोके हातांनी बेतून त्यांत निमुळते बोल्ट घट्ट बसवलेले. रिव्हेट धक्क्यांनी सैल होते, बोल्ट पुन्हा आवळता येतो. म्हणजे ही गाडी जुनी होणार आणि कुणाला तरी ती पुढे सांभाळायची आहे, हे रॉइसने ती नवी असतानाच धरून ठेवले होते!

हे गणित आपल्या मुलखातही तपासले गेले. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. एकूण ६२० मैलांचा मार्ग आणि त्यात सहा घाट. सह्याद्रीचे चढ, वळणे आणि तेव्हाचे कच्चे रस्ते डोळ्यांसमोर आणा! त्या चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट पहिली आली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना रोल्स-रॉइसचे वेड लागले, त्या कथेचा एक धागा असा कोल्हापूरच्या वाटेवरून जातो.

गाडी विकली की कंपनीचे काम संपले, असे मात्र नव्हते. मालकांच्या ड्रायव्हरांसाठी कंपनीने शाळा चालवली. तेल कुठे आणि कधी घालायचे, कोणता आवाज ऐकताच थांबायचे, हे तिथे शिकवले जाई. कंपनीचे निरीक्षक ग्राहकांच्या गॅरेजमध्ये जाऊन गाड्या तपासून येत. गाडी कितीही चांगली असो, सांभाळणारा हात अडाणी असेल तर ती लवकरच भंगारात जाते.

यंत्र जपले, शरीर झिजवले

आता या गोष्टीची दुसरी बाजू. यंत्राचा बारीकसा खडखडाट ज्याला ऐकू येई, त्याला स्वतःच्या शरीराची हाक मात्र कधी ऐकू आली नाही. रॉइस कामात असला की जेवण विसरे. कारखान्यातली पोरे दुधाचा पेला घेऊन त्याच्या मागे मागे फिरत, असे सांगतात. ज्या माणसाने बेअरिंगला तेल कमी पडू दिले नाही, तो स्वतः मात्र उपाशीपोटी पळत राहिला.

१९१० साली रोल्स विमान अपघातात गेला. वय अवघे ३२. त्या पाठोपाठ रॉइसची प्रकृती पार कोसळली. १९१२ साली पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. हा काही महिन्यांचाच सोबती, असे डॉक्टरांना वाटले. जॉन्सनने त्याला मोटारीतून दक्षिणेकडच्या उबदार हवेत फिरवून आणले होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे ल कॅनडेल हे गाव त्याला मानवले. तिथेच त्याच्यासाठी घर बांधले गेले. हिवाळा फ्रान्समध्ये आणि उन्हाळा इंग्लंडच्या समुद्रकाठी, असा त्याचा क्रम ठरला. डर्बीचा मोठा कारखाना त्याच्याच आराखड्याने १९०८ साली उभा राहिला होता, पण तिथे रोजच्या कामाला रॉइस पुन्हा कधीच गेला नाही.

पत्नीशी संसार तोवर तुटला होता. एथेल ऑबिन नावाच्या परिचारिकेने त्याची देखभाल हाती घेतली. खाणे वेळेवर, काम मोजके, विश्रांती ठरलेली. जो काही महिन्यांत जाणार होता, तो त्यानंतर एकवीस वर्षे जगला! मोटारीला जे लागते तेच माणसालाही लागते. रोजची थोडी देखभाल आणि ती न कंटाळता करणारे कुणीतरी. त्या परिचारिकेचे नाव रोल्स-रॉइसच्या इतिहासात फार मोठ्या अक्षरांत लिहिले जात नाही. तिच्यावाचून मात्र पुढचे काहीच घडले नसते.

कारण पुढच्या कामाला तोड नव्हती. घरी बसून रॉइस आराखडे करी. त्याचे मदतनीस शेजारच्या घरांत राहत आणि सूचनांची पत्रे डर्बीला जात. पहिल्या महायुद्धात त्याने ‘ईगल’ हे विमानाचे इंजिन केले. १९१९ साली ॲल्कॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक महासागर न थांबता ओलांडला, तो ईगल इंजिनांच्या बळावर. त्याच युद्धात सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेल्या चिलखती गाड्या अरबस्तानच्या वाळवंटात धावल्या. पुढे ‘आर’ या शर्यतीच्या विमान-इंजिनाची पाळी आली. ते पूर्ण जोराने चालवायचे, मोडेपर्यंत चालवायचे, मोडलेला भाग सुधारायचा आणि पुन्हा चालवायचे. डेकोव्हिल खोलून बसलेल्या माणसाची रीत बदलली नव्हती. १९२९ आणि १९३१ सालच्या श्नायडर करंडकाच्या शर्यती या इंजिनाने जिंकून दिल्या.

१९३० साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. तरी स्वतःला तो मेकॅनिकच म्हणवून घेई. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथील घरी त्याचे निधन झाले. त्याच्या हयातीत सुरू झालेले नवे इंजिन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रथम चालले. तेच पुढचे ‘मर्लिन’, स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांचे. ते पाहायला रॉइस उरला नव्हता. त्याची रक्षा अल्वाल्टनच्या चर्चमध्ये आहे, जिथून पिठाच्या गिरणीवाल्याचे बिऱ्हाड उठले होते.

गाडी अजून आहे

आणि ती चंदेरी मोटार? परीक्षेनंतर ती एका ग्राहकाला विकली गेली. चार दशके ती वापरात राहिली आणि १९४८ साली कंपनीकडे परत आली. आजवर तिने पाच लाख मैलांहून अधिक, म्हणजे आठ लाख किलोमीटरहून जास्त मजल मारली आहे.

आपल्याकडे आता जुन्या आलिशान गाड्या स्वस्तात मिळतात. दहा-बारा वर्षे वापरलेली, लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली परदेशी मोटार कधीकधी नव्या लहान गाडीच्या किमतीत दारात येते. घरच्यांना आनंद होतो, शेजारी बघायला येतात. पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरलेली नसते, हे पहिल्या मोठ्या दुरुस्तीला कळते. मग तेल बदलणे लांबते, पुढच्या चाकाचा आवाज पुढच्या महिन्यावर टाकला जातो. शंभराचे काम दहा हजारांवर जाते आणि दोष मात्र गाडीच्या वयाला दिला जातो.

गाडी वयाने मरत नाही, दुर्लक्षाने मरते. पाच लाख मैल पळालेली सिल्व्हर घोस्ट त्याची साक्ष आहे. आणि डॉक्टरांनी आशा सोडल्यावर एकवीस वर्षे काम करून गेलेला तिचा कर्ता ही दुसरी साक्ष. घरात वाकलेले आईवडील असोत की अंगणातली जुनी मोटार, हिशेब एकच आहे. वेळेवर ऐकलेल्या बारीक आवाजाचे बिल दोन पौंडांत भागते.