अक्षरांआधी आंघोळ

भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना ताराबाई मोडक माँटेसरी पद्धतीत मुरल्या. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत त्यांनी बालशिक्षण केंद्र काढले. महागडी साधने खेड्याला कुठली परवडायला? मग शिंपले, बिया, पाने, खडे आले. खरखरीत-गुळगुळीत बोटांना कळू लागले. वेचता-ओवताना पेन्सिल धरणारा हात तयार होतो. वस्तीतली मुले येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आधी आंघोळ, नखे, केस. मग खेळ, गाणी. अक्षरांची घाई नव्हतीच. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना सुरू झाली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तिला आज सगळे अंगणवाडीच म्हणतात.